घरच्या घरी ‘योग्या’ : मुलांचे विज्ञानप्रयोग आणि आपला व्यवसाय

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. ‘योग्यासूत्रीय’ हे त्याचे नाव. छेद्यकर्माचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर करावा. भेद्यकर्माचा सराव पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर करावा. वेध्यकर्म कमळाच्या देठावर, तर बंध बांधण्याचा अभ्यास मनुष्याकृती बाहुल्यावर करावा, असे तेथे सांगितले आहे. शास्त्र कितीही मुखोद्गत असले, तरी ज्याने असा सराव केलेला नाही तो प्रत्यक्ष कर्मास अपात्र, हा त्या अध्यायाचा गाभा होय. ‘कृतीतून शिक्षण’ म्हणून आज शाळांतून ज्याचा पुरस्कार केला जातो, त्याला आपल्या शास्त्रात ‘योग्या’ असे नाव फार पूर्वीच मिळालेले आहे.

मुलांनी कुटुंबीयांसमवेत घरी करावयाचे सोपे विज्ञानप्रयोग हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वैद्यांच्या आणि औषधी दुकानदारांच्या त्रैमासिकात या विषयाचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे समाधान करण्यासाठी आमच्याच घरात घडलेला, आणि आम्हांस फारसा भूषणावह नसलेला, एक प्रसंग प्रथम निवेदन करतो.

मधाची परीक्षा

आमचे चिरंजीव सातव्या इयत्तेत असताना त्यांना शाळेतून ‘अन्नातील भेसळ’ या विषयावर प्रकल्प मिळाला होता. आम्ही मोठ्या उत्साहाने मधाची परीक्षा सांगितली. पेलाभर स्वच्छ पाण्यात मधाचा थेंब सोडावा. तो न पसरता तळाशी गेला तर मध शुद्ध, पाण्यात पसरला तर भेसळीचा. अनुपानासाठी मध लिहून देताना हीच परीक्षा आम्ही रुग्णांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. मुलाने आमच्या औषधालयातील मध घेतला. थेंब सरळ तळाशी गेला. प्रयोग पूर्ण झाला असे समजून आम्ही वर्तमानपत्र हाती घेतले.

त्याच वेळी स्वयंपाकघरात रव्याच्या लाडवांसाठी साखरेचा पाक चालला होता. मुलाने त्यातील चमचाभर पाक वाटीत काढून निवू दिला आणि दुसऱ्या पेल्यात त्याचा थेंब सोडला. तोही तसाच, न पसरता, तळाशी जाऊन बसला. दोन्ही पेले आमच्यापुढे ठेवून त्याने विचारले, “बाबा, मग हा पाकसुद्धा शुद्ध मधच म्हणायचा का?”

आम्ही वातीची परीक्षा करून पाहिली. कापसाची वात मधात बुडवून पेटवली, ती जळली. घट्ट पाकात बुडवलेली वातही जळली. मग उलट बाजूने पाहिले. शुद्धतेची खात्री असलेल्या एका परिचित मधपाळाकडील मधात आम्ही थोडे पाणी मिसळले. त्याचा थेंब पाण्यात पसरला. अखेर उमगले ते असे, की या दोन्ही परीक्षा मधाची शुद्धता तपासत नाहीत. त्या केवळ द्रवाचा घट्टपणा, म्हणजेच त्यातील पाण्याचे प्रमाण, तपासतात. घट्ट पाक त्यात उत्तीर्ण होतो आणि अस्सल परंतु पातळ मध अनुत्तीर्ण होतो.

त्या क्षणी आम्हांस दोन वर्षांपूर्वीची एक घटना आठवली. वैशाखात डोंगरपट्ट्यातील एक गृहस्थ रानमधाचा डबा घेऊन आमच्याकडे आले होते. आम्ही चार रुग्णांसमक्ष त्यांच्या मधाचा थेंब पाण्यात सोडला. मध पातळ होता, तो पसरला. ‘यात भेसळ आहे’, असे आम्ही तेथेच सांगून टाकले. “डाक्तर, माझ्या हातानं पिळलाय,” एवढेच बोलून त्यांनी डबा उचलला आणि ते निघून गेले. पोळे पूर्ण बंदिस्त होण्यापूर्वी काढलेल्या मधात ओलावा अधिक असतो, हे आम्ही वाचलेले होते. परंतु त्या वेळी ते आठवले नाही. त्यांचा मध शुद्ध होता की नव्हता, हे आज सांगता येणार नाही. आमच्या परीक्षेस तो निवाडा करण्याचे सामर्थ्य नव्हते, आणि तरीही आम्ही निवाडा दिला, एवढे मात्र निश्चित. ते गृहस्थ पुन्हा आमच्याकडे आले नाहीत.

मध थंडीत साखरेसारखा गोठला म्हणजे त्यात साखर मिसळलेली आहे, हा असाच दुसरा गैरसमज. मधातील द्राक्षशर्करेचे स्फटिक होणे ही नैसर्गिक क्रिया आहे आणि ती कमीअधिक होणे हे फुलोऱ्यावर व तापमानावर अवलंबून असते. याउलट, आजची भेसळ पेल्यातील पाण्याला दाद देणारी नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने मधाच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. बाजारातील २२ नमुन्यांपैकी केवळ ५ नमुने सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झाले, असे त्यात म्हटले होते. काही उत्पादकांनी ते निष्कर्ष अमान्य केले, हेही नमूद केले पाहिजे. तथापि त्या निमित्ताने एक गोष्ट सर्वांसमोर आली. विशेष प्रकारे तयार केलेले शर्करापाक नेहमीच्या प्रयोगशाळेतील चाचण्यांनाही चकवू शकतात आणि त्यांचा माग काढण्यासाठी ‘न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स’सारख्या तंत्राचा आधार घ्यावा लागतो. जेथे प्रयोगशाळेची ही अवस्था, तेथे पेलाभर पाण्याच्या बळावर दिलेल्या ग्वाहीचे मोल किती?

प्रयोगाचे दोन नियम

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. आम्ही मुलाला दिला तो केवळ उपदेश होता. प्रत्यक्ष आणि युक्ती त्याने आपल्या पाकाच्या चमच्यातून उभी केली. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे, तर आम्ही अन्वय पाहून थांबलो होतो आणि मुलाने व्यतिरेक तपासला. अमुक असता तमुक दिसते, एवढ्याने भागत नाही. अमुक नसता तमुक दिसत नाही, हेही पाहावे लागते.

यावरून आम्ही घरातील प्रयोगांसाठी दोन नियम केले. पहिला, प्रत्येक प्रयोगाबरोबर ‘जोडनमुना’ हवाच. म्हणजे सर्व गोष्टी सारख्या ठेवून केवळ एकच गोष्ट बदललेला दुसरा पेला शेजारी असलाच पाहिजे. दुसरा, प्रयोगवहीत चार रकाने असावेत. काय बदलले, काय दिसले, त्यावरून काय अनुमान निघते, आणि चौथा, ‘यावरून काय सिद्ध होत नाही’. हा चौथा रकाना भरताना मुले अडखळतात, मोठी माणसे अधिकच अडखळतात. परंतु विज्ञान जर कोठे वसत असेल तर ते त्या रकान्यात, असा आमचा अनुभव आहे.

आता आमच्या घरात वारंवार केलेले काही प्रयोग सविस्तर देतो. साहित्य आपल्या औषधालयातील आणि स्वयंपाकघरातीलच आहे.

प्रयोग पहिला : हिरडा आणि लोखंड

दोन चमचे हिरडाचूर्ण दोन पेले पाण्यात दहा मिनिटे उकळून गाळून घ्यावे. तीन वाट्या मांडाव्यात. पहिलीत नुसता काढा, दुसरीत काढा व चार-पाच स्वच्छ लोखंडी खिळे, तिसरीत साधे पाणी व तितकेच खिळे ठेवावेत. रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी पहिल्या वाटीतील काढा पिवळसर तपकिरीच असतो, तिसरीतील पाण्यात थोडा तांबूस गंज दिसतो, परंतु दुसरी वाटी निळसर काळी झालेली असते. त्या काळ्या पाण्यात बोरू बुडवून मुलांना आपले नाव लिहू द्यावे. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करीत ती याच तत्त्वावर. मग थोड्या शाईत लिंबाचा रस पिळावा. काळेपणा बराच उतरतो. चौथ्या वाटीत खिळ्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचा चमचा ठेवला तर असा काळेपणा येत नाही, हेही मुलांनी स्वतः पाहावे.

हिरड्यातील कषायद्रव्य, म्हणजे टॅनिन, लोहाशी संयोग पावून हा काळा पदार्थ तयार होतो. लोखंडी कढईत आवळा काळा का पडतो, याचा उलगडा मुलांना येथे होतो. वैद्यांना तर चरकाने चिकित्सास्थानात सांगितलेला त्रिफलारसायनाचा योग आठवावा. नव्या लोहपात्रास त्रिफळाकल्काचा लेप देऊन तो अहोरात्र ठेवावयाचा असतो; त्या लेपाचा रंग का पालटतो, हे ही वाटी दाखवते.

या प्रयोगाचा व्यवहारातील उपयोग फार मोठा आहे. हिरड्याच्या जागी कोरा चहा घेऊन हाच प्रयोग केला तरी पाणी काळपट होते. चहातील कषायद्रव्येही लोहाला बांधून ठेवतात आणि त्यामुळे अन्नातील व गोळ्यांतील लोहाचे शोषण घटते. पांडुरोगाच्या किती रुग्णा लोहाचे औषध चहाबरोबर घेतात, हे आपण जाणतो. आम्ही तोंडाने शंभरदा सांगून जे पटले नव्हते, ते आठवीतल्या एका मुलीने घरी केलेल्या काळ्या वाटीने तिच्या आईला पटले. चौथ्या रकान्यात मात्र मुलांनी लिहावे की वाटीत घडते तेवढ्याच प्रमाणात पोटात घडते, हे यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी माणसांवर केलेले अभ्यास पाहावे लागतात.

प्रयोग दुसरा : धने एक, कल्पना तीन

शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडात स्वरस, क्वाथ, फांट, हिम, कल्क या कल्पनांना स्वतंत्र अध्याय दिले आहेत. इतक्या कल्पना कशासाठी, हे विद्यार्थ्यांना पाठांतराने कळत नाही. नाकाने मात्र तत्काळ कळते.

दहा-दहा ग्रॅम भरडलेल्या धन्याचे तीन भाग घ्यावेत व प्रत्येकासाठी १६० मिलिलीटर पाणी मोजून ठेवावे. शास्त्रात हिम आणि फांट यांसाठी जलाचे प्रमाण निराळे आहे. परंतु येथे एकच गोष्ट बदलावयाची असल्याने पाणी सारखे ठेवावे. पहिला भाग थंड पाण्यात रात्रभर झाकून ठेवावा. दुसऱ्यावर सकाळी उकळते पाणी ओतून झाकण ठेवावे व दहा मिनिटांनी गाळावे. तिसरा भाग उघड्या पातेल्यात मंद आचेवर उकळून निम्मा आटवावा, गाळावा, आणि उकळून निवलेले पाणी घालून पहिल्या दोहोंइतका करावा. मग घरातील कोणास तरी पाठ करून बसवून, कोणता पेला कोणता हे न सांगता, वास आणि चव यांवरून क्रम लावण्यास सांगावे. आजीआजोबांना या खेळात विशेष रस वाटतो.

उकळलेल्या पेल्यात रंग अधिक व सुगंध कमी, तर हिम व फांट यांत रंग फिका परंतु सुगंध स्पष्ट, असे बहुधा आढळते. सुगंध गेला कोठे? पातेल्यावर क्षणभर थंड स्टीलची ताटली धरावी व तिच्यावर जमलेले थेंब हुंगावेत. धन्याचे सुगंधी तैल वाफेबरोबर बाहेर पडते, हे मुलांना समजते आणि अर्क काढण्याचे तत्त्वही त्याच ताटलीवर समजून जाते. ताटली धरण्याचे काम मात्र मोठ्यांनी चिमट्याने करावे, कारण वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षाही वाईट असतो.

तुळस अर्धा तास उकळून तिचा काढा करणारे आणि खदिराची साल कोमट पाण्यात बुचकळून पिणारे, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण आपल्याकडे येतात. औषधाच्या पुडीवर ‘काढा करून घेणे’ एवढेच छापलेले असते. सुगंधी, मृदू द्रव्यांसाठी फांट आणि कठीण साल-मुळांसाठी क्वाथ, हा विवेक ज्या घरात हा प्रयोग झाला त्या घराला निराळा शिकवावा लागत नाही.

प्रयोग तिसरा : गढूळ पाणी

सुश्रुताने सूत्रस्थानात द्रवद्रव्यांच्या अध्यायात गढूळ जल निवळविण्याची सात साधने सांगितली आहेत. त्यांत कतक, म्हणजे निवळी, प्रथम आहे. घरातील प्रयोगासाठी आम्ही निवळीऐवजी शेवग्याचे बी सुचवितो, त्याचे कारण पुढे येईल.

वाळलेल्या शेंगेतील दोन बिया सोलून, आतील पांढरा गर बारीक कुटून, थोड्या पाण्यात कालवून फडक्यातून गाळावा. हे दुधाळ पाणी एक लिटर गढूळ पाण्यात घालून एक मिनिट जोरात आणि पाच मिनिटे सावकाश ढवळावे. शेजारी तेवढेच गढूळ पाणी, तितकेच ढवळून, काही न घालता ठेवावे. तास-दोन तासांत पहिल्या भांड्यात मातीचे पुंजके तळाशी बसून वरचे पाणी बरेच निवळते. पाण्यातील मातीच्या कणांवर ऋण विद्युत्भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. शेवग्याच्या बियांतील प्रथिनांवर धन भार असतो. ती कणांना एकत्र बांधतात आणि जड झालेले पुंजके खाली बसतात.

येथे चौथा रकाना अत्यंत महत्त्वाचा ठरतो. निवळलेले पाणी निर्जंतुक असते, हे यावरून सिद्ध होत नाही. जंतू डोळ्यांस दिसत नाहीत. ते पाणी झाडांना घालावे, पिऊ नये. पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. ‘स्वच्छ दिसते म्हणजे शुद्ध’ ही समजूत आणि ‘तळाशी गेला म्हणजे शुद्ध’ ही आमची समजूत, यांची जात एकच आहे.

प्रयोग चौथा : शतधौत घृत

हा प्रयोग सर्व कुटुंबाने मिळून करावा, कारण एकट्याचा हात दुखतो. शंभर ग्रॅम गाईचे तूप तांब्याच्या परातीत घ्यावे, त्यात थंड पाणी घालून तळहाताने फेटावे, पाणी टाकून द्यावे व नवे घ्यावे. याप्रमाणे शंभर वेळा. मुलांनी मोजणीच्या रेघा ओढाव्यात आणि पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर व शंभर आवर्तनांनंतर वरचे पाणी पूर्ण निथळून स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करावे. पिवळे रवाळ तूप पांढरे, मऊ, लोण्यासारखे होत जाते आणि त्याचे वजन मूळ तुपापेक्षा अधिक भरते.

‘तूप वाढले कसे?’ हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्यावा. चमचाभर शतधौत घृत लहान वाटीत घेऊन गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावे. ते वितळते, वर पिवळे तूप आणि खाली पाणी असे दोन थर दिसतात. पाण्याचे सूक्ष्म थेंब तुपात कोंडले गेल्याने वजन वाढले, रंग पांढरा झाला आणि त्वचेवर लावताच शीतलता जाणवली, हे त्या दोन थरांवरून समजते. जोडनमुना म्हणून न धुतलेले तूप शेजारी वितळवावे. यातून आपणासही एक व्यावहारिक धडा मिळतो. ज्या कल्पनेत इतके पाणी आहे ती थोडी-थोडी करावी, स्वच्छ झाकणबंद पात्रात ठेवावी आणि दीर्घकाळ साठवू नये.

काही लहान प्रयोग

हळकुंड उगाळून टीपकागदाच्या पट्ट्या रंगवून वाळवाव्यात. साबणाचे पाणी लागताच त्या तांबड्या होतात, लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळ्या होतात. क्षार व अम्ल यांची ही घरगुती कसोटी आहे. परंतु तांबडा रंग आला म्हणजे हळद भेसळमुक्त, असे नव्हे. त्यावरून हळद आहे एवढेच कळते, तिच्यासोबत दुसरे काही नाही हे कळत नाही. पिवळेपणासाठी मिसळलेल्या लेड क्रोमेटसारख्या विषारी द्रव्याचा अल्प अंश घरी ओळखता येत नाही, त्यास प्रयोगशाळाच हवी. गोकर्णीच्या निळ्या फुलांचे पाणी लिंबाने जांभळे-गुलाबी आणि सोड्याने हिरवट होते. लहान मुलांना हा खेळ सर्वांत अधिक आवडतो.

मिऱ्यांतील पपईच्या बिया तरंगतात, ही प्रसिद्ध परीक्षा आहे. तथापि पोकळ, अपक्व मिरेही तरंगते. म्हणून तरंगलेले दाणे ब्लेडने मोठ्यांनी कापावेत आणि भिंगाने आतील भाग पाहावा. इसबगोलाचा एक चमचा पेलाभर पाण्यात आणि एक चमचा दोन चमचे पाण्यात घालून अर्ध्या तासाने पाहिल्यास, हे औषध भरपूर पाण्याबरोबर का घ्यावे आणि गिळण्यास त्रास होणाऱ्या वृद्धांना ते वैद्याच्या सल्ल्याविना का देऊ नये, हे घरातल्या सर्वांना एकदमच समजते.

सावधगिरी

आपल्या हातून मुलांपर्यंत द्रव्ये जाणार असल्याने हा भाग दुकानदार बंधूंनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. निवळी आणि कुचला ही एकाच कुळातील, किंबहुना एकाच प्रजातीतील भावंडे आहेत. निवळीचे बी लहान व गोलसर, कुचल्याचे मोठे, चपटे, बटणासारखे आणि रेशमी लवेचे. जाणत्याची गफलत होणार नाही, परंतु बरण्या शेजारी-शेजारी असतात आणि मापणारा मुलगा नवा असतो. म्हणूनच घरच्या प्रयोगात शेवगा बरा. कुचला, बचनाग, गुंज, धोत्रा, जमालगोटा, बिब्बा ही औषधी द्रव्य कायद्याच्या ‘ई-१’ परिशिष्टातील द्रव्ये, तसेच पारद, हिंगूळ, हरताळ आणि कोणतेही भस्म, मुलांच्या हाती पाहण्यासाठी म्हणूनही देऊ नयेत. भस्माच्या वारितर व रेखापूर्ण परीक्षा वैद्याने दाखवाव्यात, मुलांनी लांबून पाहाव्यात.

हळदीचे कुंकू दाखविण्यासाठी चुना वापरण्याचा मोह अनेकांना होतो. चुन्याची पुडी दाबताच फुटून मुलांच्या डोळ्यांत गेल्याने कायमची दृष्टिहानी झाल्याची उदाहरणे नेत्रतज्ज्ञांना परिचित आहेत. तेथे खाण्याचा सोडा किंवा साबणाचे पाणी पुरेसे आहे. डोळ्यांत काहीही उडाल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावे आणि तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. प्रयोगातील कोणताही पदार्थ, धन्याचे पाणी व गोकर्णीचे लिंबूपाणी वगळता, तोंडात घालू नये.

आपण काय करू शकतो

पुण्यातील ‘आयुका’ संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानखेळणी करून दाखविली आणि प्रयोगासाठी महागडी उपकरणे लागतात हा समज खोडून काढला. आपल्या औषधालयांत तर टाकाऊच नव्हे, टिकाऊ साहित्यही भरपूर आहे. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन १९८७ पासून साजरा होतो. त्या दिवशी, किंवा दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुटीत, प्रत्येक औषधी दुकानदाराने एक ‘प्रयोगपुडी’ सिद्ध ठेवावी, अशी आमची सूचना आहे. अख्खा हिरडा, बेहडा, आवळकाठी, धने, हळकुंड, इसबगोल, शेवग्याच्या बिया, प्रत्येकावर मराठी, संस्कृत व शास्त्रीय नाव, आणि एक कागद कृतीचा. द्रव्ये चूर्णरूपात न देता अख्खी द्यावीत. कारण द्रव्य ओळखणे हीच पहिली योग्या. पुडीवर कोणताही रोगहर दावा छापू नये आणि ती विषद्रव्यांच्या कपाटापासून दूर, निराळ्या जागी बांधावी.

वैद्यांनी प्रतीक्षाकक्षात दोन पेले ठेवावेत, एकात मध आणि एकात पाक. कोणता कोणता, हे ओळखण्याचे आव्हान रुग्णांना द्यावे. आमच्या चिकित्सालयात ते पेले आजही असतात. आता कोणी आम्हांस मधाची घरगुती परीक्षा विचारली, तर आम्ही ती सांगत नाही. पेल्याने मधाचा घट्टपणा कळेल, शुद्धता कळणार नाही. शुद्धता हवी असेल तर काढणाऱ्याची ओळख ठेवा आणि शंका असल्यास अधिकृत प्रयोगशाळेत नमुना पाठवा, एवढेच सांगतो. हे उत्तर ऐकून काही रुग्ण निराश होतात. ‘वैद्यांना साधी मधाची परीक्षाही येत नाही’, असेही एकाने जाता जाता म्हटले.

आम्ही ते मनावर घेतले नाही. आपल्या शास्त्रावर प्रमाणाचा आग्रह धरणारे प्रश्न आज चहूबाजूंनी येतात. त्यांना सामोरे जाण्याचे सामर्थ्य वादविवादाने येणार नाही. आपली प्रत्येक परीक्षा नेमके काय सिद्ध करते आणि काय करत नाही, हे प्रथम स्वतःला सांगण्याची सवय लागली तरच ते येईल. ती सवय लहान वयात, घरच्या ओट्यावर, दोन पेल्यांच्या साहाय्याने लागू शकते. त्या वयाची मुले आपल्या घरात आहेत आणि साहित्य आपल्या बरण्यांत आहे. प्रयोगवहीतील चौथा रकाना तेवढा आपण, मोठ्यांनी, त्यांच्या शेजारी बसून भरावयास शिकले पाहिजे.